खो कधी द्यायचा?



आज खेळाविषयी बोलायचे आहे. वर्गात खेळ कशाला, असे कुणी म्हणेल. पण पुढारीपण म्हणजे काय, ते आम्ही खो-खोच्या मैदानावर शिकलो. आणि शिकून विसरलोही. तेही सांगतो.

खो-खो तुम्ही पाहिला आहे. दोन टोकांना दोन खांब. मधल्या पट्टीवर आठ गडी बसतात. एकाचे तोंड इकडे, शेजारच्याचे तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. पळणारा बसलेल्यांच्या मधून कुठूनही जातो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही. धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. मग पळणारा पलीकडे गेला की काय करायचे? पलीकडे तोंड करून बसलेल्याला मागून हात लावायचा आणि 'खो' म्हणायचे. तो उठून धावतो. आणि आपण? आपण त्याच्या जागी खाली बसायचे.

हा खेळ आता लहान राहिला नाही, बरे का. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांत आणि महिलांत, दोन्हीकडे भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोघे संघनायक आपल्या महाराष्ट्रातलेच.

शाळेत आम्ही संघनायक होतो. पाय चपळ, म्हणून मुलांनी निवडले. तिथेच चुकले म्हणा. तालुक्याच्या सामन्यात आम्ही खो देतच नव्हतो. गडी आता सापडेल, मग सापडेल, असे करीत खांबापर्यंत धावायचे. समोरचा मुलगा हुशार. ऐन वेळी पलीकडे सटकायचा. सामना हरलो. मास्तर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, बसलेली पोरं काय करत होती, पाहिलंस का?"

एकजण मातीत रेघोट्या ओढीत होता.

पुढचे वर्षभर आम्ही दोनच गोष्टी शिकलो. एक, खो देणे. तो मोठ्याने द्यावा लागतो. नुसता हात लावून भागत नाही. काम कुणाकडे गेले, ते साऱ्या मैदानाला कळले पाहिजे. दुसरी गोष्ट बसणे. हे फार अवघड! खो मिळण्याआधी उठलात तर फाऊल. डोळे मिटून बसलात तर गडी निसटला. बोटांवर भार ठेवून, नजर पळणाऱ्यावर ठेवून बसायचे.

मोठेपणी गावच्या पाणी समितीचे आम्ही अध्यक्ष झालो. किल्ली आमच्याकडे, वही आमच्याकडे. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या आळीचा, तेही आमच्याच डोक्यात. लोक म्हणत, "काय राबतो माणूस!" आम्हांला बरे वाटे. एका उन्हाळ्यात तापाने तालुक्याच्या दवाखान्यात पडलो. शुद्ध नव्हती. इकडे लोकांनी कुलूप फोडले, पण व्हॉल्व्ह कुणाला कळेनात. तीन दिवस वरच्या आळीला पाणी नाही. तिथली एक आजी लांबच्या विहिरीवरून घागर आणताना पडली. हात मोडला. बरे झाल्यावर आम्ही तिला भेटायला गेलो. गळ्यात हात बांधलेला. तिने आमच्या तापाचीच चौकशी केली. "आता बरं हाय का, बाबा?"

त्या दिवशी मास्तर आठवले.

आता चार जणांना व्हॉल्व्ह कळतात. त्यांत दोन बाया आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी चुकीचा व्हॉल्व्ह सोडला. सकाळभर खालच्या आळीत पाणी वाहिले. आमचे हात शिवशिवले. उठून जावे आणि फिरवून टाकावे, असे झाले. पण ओट्यावर बसून राहिलो. दुपारी त्यांचा त्यांनीच घोळ काढला. तेव्हापासून प्रत्येक व्हॉल्व्हवर आळीचे नाव रंगवले आहे. हे आम्हांला इतक्या वर्षांत सुचले नव्हते!

वही मात्र अजून आमच्याजवळच आहे. पाणीपट्टी कुणी भरली, कुणाची राहिली, सारे तिच्यात आहे. आता तुम्हांला अक्षर येते, बेरीज येते. ही वही टेबलावर ठेवतो. कोण घेतंय? खो!