ड्युटी, डबा आणि डिग्री
(रौप्यमहोत्सवानिमित्त महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला सांगितलं, "सिस्टर, दोन मुलं, नोकरी आणि एम.एस्सी. नर्सिंग कसं जमवलं ते बोला." तर आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे शिक्षण नोकरी सांभाळून होत नाही. कोर्स दोन वर्षांचा, पूर्णवेळ. वर्ग, वॉर्डातल्या पोस्टिंग आणि वर प्रबंध. सरकारी सिस्टरला प्रतिनियुक्ती मिळाली तर ठीक, खासगीतल्या बाईला बहुतेक वेळा राजीनामाच द्यावा लागतो. मीही दिला. मग शनिवारी रात्री एका छोट्या दवाखान्यात ड्युटी करायची, तेवढीच घराला मदत.

हिशेब बघा. जीएनएमची 3 वर्षं, पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची 2, एम.एस्सी.ची 2. झाली 7. शिवाय मध्ये कामाचा अनुभव लागतो तो वेगळा. आणि नेमकी हीच वर्षं लग्नाची आणि बाळंतपणाची! हुशार मुली इथंच थांबतात, अभ्यास जड जातो म्हणून नाही.

माझा मोठा तेव्हा पहिलीत होता, धाकटी दीड वर्षाची. भिंगारहून अख्खं नगर ओलांडून विळद घाटात जायचं, म्हणजे सातला घर सोडायचं. रात्री मुलं झोपल्यावर अभ्यास करीन म्हटलं, पण त्यांच्या आधी मीच झोपायची. शेवटी पहाट धरली. पाणी भरायला उठावंच लागायचं, मग पुन्हा आडवं व्हायचं नाही, पुस्तक उघडायचं. आमचे हे पोळ्या लाटायला शिकले. नकाशे व्हायचे, पण पोरं खायची. आणि धाकटी? ती खालच्या मजल्यावरच्या काकूंकडं वाढली. मी घ्यायला गेले की काकूंचा पदर सोडायची नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

2017 च्या कायद्यानं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं असं ठरलं. चांगलंच आहे. पण शिकणारी आई कर्मचारी नसते, तिचं मूल कुठं ठेवायचं हे त्यात नाही.

पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे यांनी बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं. परक्या रोग्याला हात लावायचा म्हणून तेव्हा लोक नाकं मुरडायचे. सेवासदननं नुसता उपदेश केला नाही, त्या बायकांच्या राहण्याची सोय केली. मला त्यातली ही सोयच जास्त महत्त्वाची वाटते.

आता मुद्द्याचं. आपल्या सोसायटीतल्या एका सूनबाईंचं जीएनएम झालंय, पोस्ट बेसिकचा अर्ज भरायचाय, बाळ आठ महिन्यांचं आहे. त्यांना आणि त्यांच्या सासूबाईंना विचारूनच बोलतेय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, दिवसभर बाळ त्यांना झेपणार नाही. मी आता शिकवते, पाचला घरी येते. पाचनंतर बाळ माझ्याकडं. दुपारचं काकू बघते म्हणाल्यात. राहिली सकाळ, आठ ते बारा. चेअरमन साहेब, खालचा हॉल त्या वेळी रिकामाच असतो. चहापाण्याच्या आधी तेवढं कोण येणार ते ठरवून टाकू या.