रिपोर्ट नॉर्मल, पण माणूस?

थायरॉइडची गोळी सुरू आहे.
टीएसएच या संप्रेरकाचा रिपोर्ट नॉर्मल आला.
तरी सकाळी अंथरुणातून उठवत नाही.
घरचे म्हणतात, "आता कसली कुरकुर?"

ही कुरकुर नाही, बरं का!

रक्ततपासणीतून संप्रेरक किती, ते कळतं.
माणूस कसा जगतोय, ते कळत नाही.

मग ते मोजायचं कसं?
सरळ विचारून!

डेन्मार्कच्या संशोधकांनी त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली.
तिचं नाव थायप्रो.
तिच्या छोट्या आवृत्तीत ३९ प्रश्न आहेत.

प्रश्न अगदी घरगुती.
गेल्या चार आठवड्यांत थकवा आला का?
विसरायला झालं का?
चिडचिड झाली का?
उत्तर 'अजिबात नाही'पासून 'खूपच'पर्यंत.
प्रत्येक उत्तराला गुण.

उपचाराआधी विचारायचं.
उपचारानंतर पुन्हा तेच विचारायचं.
फरक समोर येतो.

थकवा काही फक्त थायरॉइडमुळेच येत नाही.
अंगात रक्त कमी असलं, तरी येतो.
म्हणून रक्ततपासणी हवीच.
पण माणसालाही विचारायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना एवढं करा.
महिनाभरात काय जाणवलं, ते कागदावर लिहून न्या.
डॉक्टरांना वाचून दाखवा.

आणि गोळीचा डोस स्वतःहून बदलू नका.