लिलावात फसू नये, आणि फसवूही नये



मी इंदूरहून बोलते आहे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. आज ऑनलाइन लिलावात भेटणाऱ्या बेभरवशाच्या गिऱ्हाइकांबद्दल आणि विक्रेत्यांबद्दल बोलायचं आहे. आधीच सांगून टाकते, अशी एक बेभरवशाची विक्रेती मी स्वतः होते. त्या गोष्टीवर मी येणारच आहे.

आमच्या घरात नाण्यांचा नाद यजमानांचा. ते गेले तेव्हा कपाटात सहा अल्बम आणि चार पत्र्याचे डबे निघाले. मुलगा बंगळुरूला, मुलगी नागपूरला, दोघंही म्हणाली, "आई, आम्ही हे कुठे ठेवणार?" मी डबे घेऊन एका दुकानात गेले. दुकानदाराने सगळं तराजूत टाकून चांदीचा भाव सांगितला. होळकरांच्या मल्हारनगर टांकसाळीचा, सूर्याचा चेहरा असलेला रुपयाही त्यातच. मला ते बघवेना. यजमान त्या सूर्याकडे भिंगातून तास तास बघत असत. डबे उचलले आणि घरी आले. मुलाने मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नाणेसंग्राहकांच्या एका गटात घातलं, आणि माझे लिलाव सुरू झाले.

तिथली पद्धत सोपी असते. नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो टाकायचे, सुरुवातीची किंमत लिहायची, रात्री नऊपर्यंत बोली. शेवटची मोठी बोली ज्याची, त्याने पैसे पाठवायचे, मग मी नाणं पाठवायचं. खरेदीदार कोइमतूरचा, विक्रेती इंदूरची. एकमेकांचं तोंडही कधी बघितलेलं नसतं.

पूर्वी मोठ्या साइटवर मधे कोणीतरी असायचं. बाझी डॉट कॉम ही आपल्याकडची लिलावाची साइट २००४ साली ईबेने घेतली, आणि २०१८ साली ईबेची भारतातली साइट बंद झाली. त्या साइटवर माल पोचेपर्यंत पैसे मधेच थांबवून ठेवायची सोय होती. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात तसं कोणी नाही. म्हणून ते मधलं काम आपणच नियम करून करावं लागतं.

पहिल्या वर्षात मला दोन प्रकारची माणसं भेटली. एक लबाड आणि दुसरी लाजरी. वरून दोघं सारखेच दिसतात, कारण दोघंही पैसे देत नाहीत. पण त्यांच्याशी वागायची रीत अगदी वेगळी.

आधी लबाड. पहिल्याच महिन्यात एकाने बोली जिंकली आणि मला एक क्यूआर कोड पाठवला. म्हणाला, "मॅडम, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." मी पिन टाकणार होते. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने हात धरला. मंडळी, एवढं एक वाक्य लक्षात ठेवा: यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. दुसऱ्याने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला आणि घाई लावली, "आजच कुरियर करा." बँकेच्या अ‍ॅपमध्ये खातं उघडून बघितलं तर काही आलं नव्हतं. तेव्हापासून मी चित्रावर विश्वास ठेवत नाही, शिलकेवर ठेवते.

विक्रेत्यांतही लबाड असतात. काहीजण आपल्याच भावाला, मित्राला खोटी बोली लावायला बसवतात. एखादं नाव दर लिलावात शेवटपर्यंत चढत असेल आणि कधीच जिंकत नसेल, तर तिथून उठावं. हा नुसता वाईट रिवाज नाही. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ६४मध्ये लिहिलंय की विक्रेत्याने किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली वापरली, तर खरेदीदाराला ती विक्री रद्द करता येते. मी स्वतः घेताना आपली कमाल रक्कम आधी कागदावर लिहिते आणि कागद फोनशेजारी ठेवते. चढाओढीत डोकं तापलं की तो कागद उपयोगी पडतो.

आणखी एक लबाडी जुन्या नाण्यांच्या नावाने चालते. "तुमच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणीचं शुल्क भरा." वर रिझर्व्ह बँकेचं नावही वापरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

लबाडाशी वाद घालू नये, त्याला समजावूही नये. संभाषण जपून ठेवावं, गटाच्या अ‍ॅडमिनला कळवावं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

आता लाजरे. हे संख्येने जास्त. रात्री जोशात बोली लावतात, सकाळी हिशेब करतात आणि गप्प होतात. फोन उचलत नाहीत. आपण चिडतो, गटात नाव टाकतो, भांडण होतं. मीही तसं केलं. एका मुलाचं नाव मी गटात जाहीर केलं. चार दिवसांनी त्याचा निरोप आला: वडील दवाखान्यात होते, आणि नाही म्हणायची लाज वाटत होती. खरं की खोटं, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी लिलावाच्या सूचनेतच एक ओळ घालते: "पैसे अठ्ठेचाळीस तासांत. जमत नसेल तर चोवीस तासांत 'जमत नाही' एवढंच लिहा. कारण विचारणार नाही." नुसत्या या ओळीने माझे निम्मे बुडवे सरळ झाले. 'जमत नाही' म्हणणारा माणूस पुढच्या लिलावात परत येतो. गप्प झालेला येत नाही.

गिऱ्हाईक पळालं की नाणं दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला देतात. इथे थोडं गणित आहे. समजा अ, ब आणि क बोली लावतायत. क पंधराशेला थांबला. पुढे अ आणि ब यांची चढाओढ झाली, अ एकतीसशेवर थांबला आणि ब बत्तीसशेला जिंकून पळाला. आता अ-कडून एकतीसशे मागणं बरोबर का? त्याला एकतीसशेपर्यंत नेलं ते पळालेल्या ब-ने. ब-च्या सगळ्या बोली खोडल्या आणि बोली शंभराने चढते असं धरलं, तर अ-ला सोळाशेत नाणं मिळालं असतं. मी सोळाशेच घेते. नुकसान होतं, पण तो अ आज माझा सगळ्यात जुना गिऱ्हाईक आहे.

आता माझी गोष्ट.

यजमानांच्या डब्यात १९३९ सालचा, सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया होता. त्या सालचा रुपया फार दुर्मिळ, म्हणून संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. मी वजन केलं, ११.६६ ग्रॅम असायला हवं, तेवढंच भरलं. लिलावात अठ्ठेचाळीस हजारांना गेला. गुवाहाटीच्या एका गृहस्थांनी घेतला. निवृत्त रेल्वे कर्मचारी, बोलायला अतिशय अदबीचे. पैसे तासाभरात आले. मी विमा उतरवून पार्सल केलं.

नवव्या दिवशी त्यांचा निरोप आला. सोबत मोठा करून काढलेला फोटो. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, चांदी खरी आहे, नाणं खरं आहे, पण शेवटचा आकडा नंतर कोरलेला वाटतो. मूळचं १९३८ असावं. आपल्याला माहीत नसेल, अशी माझी खात्री आहे."

मी फोटो बघितला. नऊच्या भोवती बारीक ओरखडे होते. गणिताच्या बाईला आकडा ओळखता येतो हो. पण मला संताप आला, त्या गृहस्थांचा. वाटलं, हे माझ्या माणसाला खोटं ठरवतायत. यजमानांनी तो रुपया घेतला तेव्हा मुलीच्या जन्माचे पेढे वाटले होते. दोन्ही आनंद एकाच आठवड्यातले. तो खोटा कसा असेल?

मी उत्तर दिलं नाही. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. पैसे मुलीच्या घरासाठी पाठवून झाले होते, हेही एक कारण. त्यांचे आणखी दोन निरोप आले. दुसऱ्यात फक्त "नमस्कार ताई" एवढंच होतं. बाराव्या दिवशी सकाळी लक्षात आलं, की ज्या मुलाचं नाव मी गटात टाकलं होतं, तो आणि मी अगदी एकाच जागी उभे आहोत. मी एकही खोटा शब्द बोलले नव्हते. पण गुवाहाटीत बसलेल्या माणसाला लबाड आणि लाजरी यांतला फरक कसा कळणार? त्याच्या दृष्टीने त्याचे अठ्ठेचाळीस हजार गेले होते.

मी फोन केला. माफी मागितली. वीस हजार त्याच दिवशी दिले, उरलेले दोन हप्त्यांत. तारखा लिहून दिल्या आणि पाळल्या. पहिला हप्ता मिळाल्यावर, मी न मागता, त्यांनी नाणं परत पाठवलं. म्हणाले, "आता मला काळजी नाही."

१९९५ साली पुढे ईबे झालेली साइट सुरू झाली, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो बिघडलेला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्या व्यवहारात फसवणूक नव्हती. वस्तू सदोष असणं हा गुन्हा नाही. दोष कळल्यावर गप्प बसणं, तिथून बेभरवसा सुरू होतो.

म्हणून माझा आजचा नियम एवढाच: कोणाचाही निरोप आला, की चोवीस तासांत उत्तर. उत्तर तयार नसलं तरी, "वाचलं, परवापर्यंत सांगते" एवढं तरी. आणि विकताना जे माहीत नाही, तेही लिहायचं: "वजन बघितलं आहे, तज्ज्ञाकडून तपासलेलं नाही. दोष निघाल्यास पंधरा दिवसांत पैसे परत." असं लिहिलं की बोली थोडी कमी येते. येऊ दे.

तो रुपया मी विकला नाही. अल्बममध्ये परत ठेवला, खाली चिठ्ठी लावली: "१९३८. आकडा बदललेला." मुलीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बाबांना कधीच कळलं नाही, बरं झालं." मीही म्हटलं, बरं झालं. पण मला कळलं, हेही बरंच झालं.