स्लरी, काडीकचरा आणि रॉक फॉस्फेटपासून स्फुरदयुक्त कंपोस्ट

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



रब्बीच्या तोंडावर डीएपीची टंचाई आपण अनुभवली आहे. २०२१ साली अनुभवली, २०२४ साली पुन्हा अनुभवली. दुकानापुढे रांग लावायची, मिळेल ती गोणी घ्यायची आणि सोबत नको असलेले दुसरे काहीतरी गळ्यात पडले तर तेही निमूटपणे उचलायचे. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. यातले स्फुरद, निदान त्यातला काही भाग, आपल्या वस्तीवर तयार करता येईल का, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम साध्या कंपोस्टचा हिशेब पाहू. चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्ये स्फुरदाचे प्रमाण साधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे १ टन खतातून ४ ते ५ किलो स्फुरद मिळते. जमीन भुसभुशीत होते, ओल टिकते, हे सर्व खरे. पण कोरडवाहू हरभऱ्याला हेक्टरी ५० किलो, म्हणजे एकरी २० किलो स्फुरद द्यायचे तर त्यासाठी चार-पाच टन खत लागेल. तेवढे शेण आज कोणाच्या गोठ्यात आहे? म्हणून खताचे प्रमाण वाढविण्याऐवजी खताची ताकद वाढवावी लागते.

ही ताकद वाढविण्यासाठी रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदयुक्त खडकाची भुकटी वापरतात. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे तिची मोठी खाण आहे. खत नियंत्रण आदेशानुसार रॉक फॉस्फेटमध्ये एकूण स्फुरद किमान १८ टक्के असावे लागते. परंतु हे स्फुरद पाण्यात विरघळत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ते हळूहळू सुटते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू ८ च्या पुढे असतो. तेथे ही भुकटी नुसती फेकली तर वर्षानुवर्षे तशीच पडून राहील. काही बंधूंनी स्वस्त मिळाली म्हणून ती पेरणीच्या वेळी दिली आणि पिकावर काहीच फरक दिसला नाही. त्यात आश्चर्य नाही. तिला जे आम्ल लागते ते आपल्या जमिनीत नाही, ते कुजणाऱ्या ढिगात असते. काडीकचरा कुजताना सेंद्रिय आम्ले तयार होतात, असंख्य जिवाणू काम करतात आणि खडकातल्या स्फुरदाचा काही भाग मोकळा होतो. काही भागच, सगळा नव्हे. हा मुद्दा पुढे हिशेबात लागणार आहे, तो लक्षात ठेवावा.

आता कच्चा माल. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांच्याकडे निम्मी तयारी आहे, कारण स्लरी हे आधीच कुजविलेले शेण होय. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. रोज अंदाजे ९० ते १०० लिटर स्लरी बाहेर पडते. ती खड्ड्यात उन्हाने वाळू देणे ही आपली सर्वांत महाग सवय आहे. स्लरीतल्या नत्राचा बराचसा भाग अमोनियाच्या रूपात असतो आणि तो वाळताना उडून जातो. वर्षभराच्या स्लरीतले नत्र मोजले तर ते युरियाच्या काही गोण्यांइतके भरते. ते उडू न देता काडीकचऱ्यात मुरवावे. ज्यांच्याकडे गोबरगॅस नाही त्यांनी ताज्या शेणाचा पातळ काला वापरावा.

एका ढिगासाठी १ टन वाळलेला काडीकचरा घ्यावा. सोयाबीनचे कुटार, तुरीचा पालापाचोळा, गव्हाचे काड, उसाचे पाचट, यांपैकी जे असेल ते. तुराट्या आणि पऱ्हाट्या बारीक केल्याशिवाय घालू नयेत. गाजर गवत चालते, पण फुलावर येण्यापूर्वी उपटलेले. बांधावर गिरिपुष्प असेल तर त्याचा हिरवा पाला २०० किलो मिसळावा, कारण नुसत्या काडात नत्र फार कमी असते. सुरुवातीला १५०० लिटर स्लरी आणि १०० किलो रॉक फॉस्फेट लागते.

जागा उंचवट्याची, शक्यतो झाडाच्या किंवा छपराच्या सावलीतली असावी. ढीग दीड मीटर रुंद आणि एक ते सव्वा मीटर उंच करावा. एवढी स्लरी एका दिवसात मिळत नाही, म्हणून पूर्ण लांबीवर रोज एक पातळ थर चढवत बसू नये. तसा ढीग तापत नाही. पाच दिवसांची स्लरी साठवावी आणि एक मीटर लांबीचा तुकडा एकाच दिवशी पूर्ण उंचीपर्यंत रचावा. पाच दिवसांनी त्याला लागून दुसरा, मग तिसरा. थर वीतभर जाडीचा, त्यावर स्लरी, आणि ओल्या थरावर रॉक फॉस्फेटची भुकटी धुरळावी म्हणजे ती चिकटून राहते. वर जुने गोणपाट टाकावे. पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिकचा कागद, पण बाजू मोकळ्या. पावसाचे पाणी ढिगातून झिरपून गेले तर नत्र आणि पालाश त्याबरोबर वाहून जाते.

तीन-चार दिवसांनी ढिगात पहार खुपसून दहा मिनिटे ठेवावी. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग ६० अंशांच्या आसपास तापला आहे. या उष्णतेत तणांचे बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. पहार गार निघाली तर एक तर ओल कमी आहे, नाही तर नत्र कमी आहे. मूठभर माल घट्ट पिळावा. बोटांत ओलावा जाणवावा, पण पाण्याची धार लागू नये. पंधरा-वीस दिवसांनी पहिल्यांदा ढीग खालीवर करावा आणि त्यानंतर दर तीन आठवड्यांनी, असे एकूण तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी ओल भरून काढण्यासाठी साध्या पाण्याऐवजी स्लरीच वापरावी. मिळून आणखी १५०० लिटरपर्यंत मुरते. साडेतीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ऑक्टोबरमध्ये हरभरा पेरायचा असेल तर ढीग येत्या जूनमध्येच लागला पाहिजे.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. पहिला प्रात्यक्षिकाचा ढीग लावताना मी सगळेच एका दिवशी घातले: रॉक फॉस्फेट, भरपूर युरिया, जिवाणू संवर्धनाची पाकिटेसुद्धा. दुसऱ्या दिवशी ढिगाजवळ उभे राहवेना, डोळ्यांतून पाणी येऊ लागले. पाहायला आलेले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "साहेब, खत उडून चाललंय की!" त्यांचे बरोबर होते. युरियातला अमोनिया हवेत जात होता. जिवाणू संवर्धनाची तर त्या उष्णतेत उकडच निघाली असणार. जे पुस्तकात वाचले होते ते सगळे खरे होते, फक्त त्याची वेळ मी पाळली नव्हती.

म्हणून प्रत्येक वस्तूची वेळ सांभाळावी. रॉक फॉस्फेट पहिल्याच दिवशी, कारण त्याला ढिगातले सर्व चार महिने मिळाले पाहिजेत. युरिया शक्यतो नकोच, स्लरी आणि हिरवा पाला पुरेसा आहे. नुसत्या पाचटाचा ढीग असेल तर टनाला ८ किलो युरियाची जी शिफारस आहे ती जिवाणूंच्या खुराकासाठी आहे, खताची ताकद वाढविण्यासाठी नव्हे. ढिगाला अमोनियाचा उग्र वास येऊ लागला तर सिंगल सुपर फॉस्फेट थोडे भुरभुरावे, ते अमोनिया धरून ठेवते. स्फुरद विरघळविणारे जिवाणू, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि ट्रायकोडर्मा यांची संवर्धने मात्र ढीग पूर्ण गार झाल्यावर, टनाला प्रत्येकी १ किलो या प्रमाणात मिसळावीत आणि ओल्या गोणपाटाखाली आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे. असे खत मग कडक उन्हात वाळवू नये. उन्हात वाळविल्यास संवर्धनाचे पैसे वाया गेले असे समजावे.

जस्त आणि लोह यांचे काय, असे आपण विचाराल. चुनखडीच्या जमिनीत त्यांची कमतरता नेहमीची आहे. परंतु झिंक सल्फेट या स्फुरदयुक्त ढिगात घालू नये, जस्त आणि स्फुरद एकमेकांना बांधून टाकतात. एकरी १० किलो फेरस सल्फेट आणि ८ किलो झिंक सल्फेट, त्यांच्या दहापट म्हणजे सुमारे २०० किलो साध्या, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवावे आणि वेगळे द्यावे.

खत तयार झाले की नाही, हे रंगावरून ठरवू नये. काळा रंग लवकर येतो. मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवावे. उघडल्यावर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर ठीक, आंबूस किंवा कुजका आला तर अजून महिनाभर थांबावे. दुसरी परीक्षा मेथीच्या दाण्यांची. एका कुंडीत निम्मे खत आणि निम्मी माती, दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत वीस-वीस दाणे टाकावेत. खताच्या कुंडीत उगवण कमी आली किंवा रोपे पिवळी पडली तर खत कच्चे आहे. कच्चे खत शेतात गेले की ते कुजविण्यासाठी जिवाणू जमिनीतले नत्र उचलतात. त्यांची पंगत आधी बसते, पीक उपाशी राहते. कारखान्यावरून ट्रॉली भरून ताजे प्रेसमड आणून तसेच सरीत ओढणाऱ्यांचा ऊस सुरुवातीला पिवळा का पडतो, याचे एक मोठे कारण हेच आहे. शिवाय ताज्या प्रेसमडमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे १० टनांच्या भाड्यात ३ टन माल येतो. प्रेसमड दोन-तीन महिने ढिगात कुजवूनच वापरावे. त्यात मुळातच स्फुरद बरे असते, त्यामुळे रॉक फॉस्फेटची गरज कमी. मळीच्या सांडपाण्यावर कुजविलेले असेल तर क्षार तपासून घ्यावेत, विशेषतः निचरा न होणाऱ्या भारी जमिनीसाठी.

आता हिशेब. कुजताना सेंद्रिय भाग जवळजवळ निम्मा होतो, रॉक फॉस्फेट मात्र तेवढेच राहते. शेवटी ओलसर खत सुमारे १ टन मिळते. रॉक फॉस्फेटचे १८ किलो आणि कचरा-स्लरीचे ४ ते ५ किलो मिळून त्यात २२ ते २३ किलो एकूण स्फुरद असते. आकडा डीएपीच्या एका गोणीइतका झाला, पण गोणीतले बहुतेक स्फुरद लगेच मिळणारे आहे आणि आपल्यातले काही आज, काही पुढच्या हंगामांत मिळणारे. म्हणून पहिल्या वर्षी स्फुरदाची संपूर्ण मात्रा यावर सोडू नये. हरभऱ्याला एकरी १ टन हे खत द्यावे आणि निम्मे स्फुरद सुपर फॉस्फेटमधून पेरून द्यावे. माती परीक्षण करून पुढच्या वर्षी आणखी कमी करायचे की नाही ते ठरवावे. सुरुवात हरभऱ्यापासून करा असे मी सांगतो त्याला कारण आहे. हरभऱ्याच्या मुळांतून आम्ले पाझरतात, त्यामुळे असे अर्धवट बांधलेले स्फुरद ते पीक गव्हापेक्षा चांगले उचलते.

बाजारात 'प्रोम' या नावाने स्फुरदयुक्त सेंद्रिय खत मिळते. त्याच्यासाठी खत नियंत्रण आदेशात एकूण स्फुरद किमान १०.४ टक्के ठरविलेले आहे. आपले खत त्या प्रतीचे नाही आणि त्या नावाने विकताही येणार नाही. घेणाऱ्यांनी गोणीवरचा 'एकूण' हा शब्द मात्र नीट वाचावा.

सभेत एका बंधूंनी राखेबद्दल विचारले. आजोबा ढिगात चुलीची राख घालीत, ते चूक होते काय? चूक नव्हते. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथे बसविलेल्या आणि १९३१ साली पुस्तकरूपाने मांडलेल्या कंपोस्ट पद्धतीतही शेण, मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख होतीच. त्यांना ढिगातली आंबट स्थिती मोडायची होती. आपल्याला रॉक फॉस्फेटसाठी तीच आंबट स्थिती हवी आहे, आणि राखेने अमोनियाही लवकर उडतो. तेव्हा साध्या कंपोस्टच्या ढिगात थोडी राख चालेल, या ढिगात नको.