जपानातील गाडी व एक पंगत



डिसेंबर २०२३ मध्ये चिरंजिवांकडे तोक्योस राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील यामानोते मार्गावरील विजेची गाडी ३४.५ किलोमीटरांचे वर्तुळ सुमारे तासाभरात पुरे करते. सकाळी डब्यात दादरसारखीच दाटी. परंतु शब्द नाही! पाठीवरच्या पिशव्या पोटाशी घेऊन लोक उभे. आम्ही सवयीने शेजाऱ्यास इंग्रजीत गाव विचारले, तो त्याने नुसती मान लवविली. चिरंजीव कानाशी म्हणाले, "बाबा, येथे गाडीत बोलत नाहीत." इतक्या माणसांतले ते एकटेपण आम्हांस रुचले नाही, हे स्पष्टच सांगतो.

त्याच सायंकाळी चिरंजिवांच्या एका सहकाऱ्याकडे जेवणाचे आमंत्रण होते. मध्यभागी शेगडीवर 'नाबे'चे एकच मातीचे भांडे आणि भोवती सारे कुटुंब. उष्ट्याच्या शंकेने आमचा हात अडखळला. पण गृहिणीने वाढावयाच्या निराळ्या काड्या पुढे केल्या, तेव्हा हायसे वाटले. सकाळी मुकी भासलेली माणसे येथे मनमोकळी हसत होती. पाणी पिण्यासाठी म्हणून आम्ही आपल्या काड्या भातात उभ्या खोविल्या, आणि हसणे थांबले. घरातील आजीबाईंनी त्या हलकेच काढून आडव्या ठेविल्या. मृतास वाहिलेल्या भातातच काड्या अशा उभ्या करतात, असे चिरंजिवांनी हळूच सांगितले. कोनाड्यात आजोबांची तसबीर होती. ते त्याच वर्षी वारले होते.

पिंडाचा भात आम्हांस का ठाऊक नाही? आम्ही हात जोडले. आजीबाईंनी काही न बोलता आमचा वाडगा पुन्हा भरला.