बाटलीवरचा प्रदेश आणि पेल्यातील चव

पदार्थावर प्रसिद्ध गावाचे नाव छापले की त्याचा भाव चढतो. आणि भाव चढला म्हणजे गुणही चढला असावा, असे घेणाऱ्यास वाटू लागते. स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. ज्यास कमी किमतीच्या बाटल्यांतून एकच बाटली घ्यावयाची आहे, अशा बेताच्या ऐपतीच्या ग्राहकाने वरील प्रदेशाच्या नावावर कितपत विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीत, केवळ मोड आणून वाळवलेले जव, पाणी आणि यीस्ट यांपासून तयार करून तांब्याच्या हंड्यांतून गाळलेले मद्य होय. ते स्कॉटलंडमध्येच ओक लाकडाच्या पिंपांत निदान ३ वर्षे मुरावे लागते, आणि बाटलीत मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असून चालत नाही. २००९ च्या नियमांनी हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्बेलटाउन आणि आयला या पाच प्रदेशांच्या नावांना संरक्षण दिले आहे. परंतु त्या नियमांनी ठरते ते स्थळ, चव नव्हे. किंबहुना हायलँड आणि लोलँड यांमधील जुनी सीमा मुळात जिभेने आखलेलीच नव्हती. दोहोंकडील भट्ट्यांवर निरनिराळ्या रीतीने कर बसविता यावा, म्हणून १७८४ च्या कायद्याने ती आखली होती.

तरीही प्रदेशागणिक काही वळण पडले आहे, हे नाकारता येणार नाही. लोलँडमधील ग्लासगोनजीकची ऑकेन्टॉशन ही भट्टी आपले मद्य दोनदा न गाळता तीनदा गाळते. म्हणून ते हलके व सौम्य उतरते. स्पेसाइडमधील ग्लेनलिव्हेट आणि ग्लेनफिडिक यांच्या १२ वर्षे मुरलेल्या बाटल्यांत सफरचंद व नासपती यांची आठवण करून देणारा गोडवा असतो. हायलँडमधील ग्लेनमॉरंजीच्या हंड्यांच्या माना सोळा फुटांहून उंच आहेत. जड वाफ तेथवर न पोहोचता खाली परतते, आणि हाती येते ते नाजूक, फुलांच्या वासाचे मद्य. कॅम्बेलटाउन या बंदरात एकोणिसाव्या शतकात वीसांहून अधिक भट्ट्या होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यास स्प्रिंगबँक व ग्लेन स्कोशिया या दोनच उरल्या. ग्लेन स्कोशियाच्या मद्यात काहीसा तेलकट दाटपणा व किंचित खारट छटा आढळते. आयला बेटावर झाडे थोडी आणि पीट, म्हणजे दलदलीत कुजून साचलेल्या वनस्पतींचे जळण, मात्र विपुल. त्याच्या धुरावर जव वाळविल्यामुळे लफ्रॉइगच्या १० वर्षांच्या व्हिस्कीस धुराचा व आयोडिनाचा उग्र वास येतो. तो काहींस अत्यंत प्रिय, तर काहींस पहिल्याच घोटास असह्य होतो.

पण येथेच नावाचा भरवसा डळमळू लागतो. त्याच आयला बेटावरील बुनाहावन भट्टीच्या १२ वर्षांच्या बाटलीत धूर जवळजवळ नाहीच; उलट हायलँडमधील आर्डमोर भट्टी पीटचा धूर आवर्जून वापरते. धुराच्या आशेने पहिली किंवा धूर टाळण्यासाठी दुसरी बाटली घेणाऱ्याची निराशा ठरलेली! तात्पर्य, चवीचे मूळ मातीपेक्षा धूर, हंडा आणि पिंप यांत अधिक आहे. अमेरिकन बर्बनच्या पिंपातून व्हॅनिलाचा गोडवा येतो, तर शेरीच्या पिंपातून मनुकांचा. आणि ही पिंपे कोणत्याही प्रदेशात नेता येतात.

स्वस्त बाटली स्वस्त का, हेही जाणून घेतले पाहिजे. तीत बहुधा तरुण मद्य असते, पिंपे पूर्वी वापरलेली असतात, आणि मद्यार्क किमान मर्यादेवर आणलेला असतो. यात फसवणूक नाही. बाटलीवर वर्षांचा आकडा असेल तर तो आतील सर्वांत तरुण मद्याचा असावा, असा नियमच आहे. रंगावर मात्र भुलू नये. कॅरमेल घालून तो गडद करण्यास कायद्याची मुभा आहे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशा वेळी स्मरणात ठेवावी.

तुलना करावयाची तर थोडीथोडी व्हिस्की निरनिराळ्या पेल्यांत घेऊन, चमचाभर पाणी घालून, आधी वास व मग चव घ्यावी. आरंभ लोलँडपासून करून धुरकट आयला शेवटी ठेवावी; कारण तो धूर एकदा जिभेवर चढला की मागाहून येणारे सौम्य मद्य फिके वाटते. असे करणाऱ्यास लवकरच उमगते की, प्रदेशाचे नाव वाटाड्याच्या उपयोगाचे आहे, न्यायाधीशाच्या नव्हे. जव धुरावर वाळविले होते काय, पिंप कोणते होते आणि वर्षे किती, हे तीन प्रश्न जो विचारतो, त्याचे थोडे पैसेही वाया जात नाहीत.