वस्त्राचे देऊळ



आजाऱ्याच्या अंगावर मायेने पांघरूण घालणे हा मनुष्याचा फार जुना उपचार होय. म्हणूनच हाताने घडविलेल्या वस्त्राशी आरोग्याची प्रार्थना अनेक धर्मांत जोडलेली आढळते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात कुराणातील वचने लिहिलेले सदरे जतन केलेले आहेत. जखम व व्याधी टळावी म्हणून ते अंगात घालीत.

परंतु आमच्या मनात घर केले ते अहमदाबादच्या ‘माता नी पछेडी’ने. मध्यभागी देवी, भोवती भक्त व पशुपक्षी. लोखंडाचा गंज व गूळ आंबवून काळा रंग करितात. तुरटी व अलिझरीन यांच्या योगाने तांबडा उमटतो. या तांबड्यात रोगहारक शक्ती मानितात. नवस फळला की देवीला पछेडी वाहावी, अशी रीत आहे.

आज देवीपूजक म्हणविणाऱ्या वाघरी समाजाला देवळात मज्जाव होता. त्यांनी देवी कापडावर रेखिली आणि पछेड्या उभारून त्यांचेच देऊळ केले! अपमानाची जखम त्या वस्त्राने झाकली खरी. भरली असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडेही १९४७ साली पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले. दार लावणारे हात आपल्यासारख्यांचेच होते.

वस्त्र वाहणाऱ्याचे दुःख वस्त्राने हलके होते. दार लावणाऱ्याचा दोष दार उघडल्यावाचून जात नाही. एवढे मनी धरावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.